फेरवजन

या सफरीत वन्संना काय काय मिळणार होतं, ते आधीच मांडून टाकलेलं बरं. बाल्कनी असलेली खोली. चौदा दिवस भूमध्य समुद्र. चौदा दिवस स्वयंपाकघराचं तोंड न बघणं. आणि या सगळ्याहून मोठा लाभ म्हणजे, परत गेल्यावर आपल्या शिवणाच्या दुकानात आलेल्या प्रत्येक बाईच्या दंडाला टेप लावता लावता ‘आम्ही जहाजावर होतो ना, तेव्हा’ असं वाक्य सुरू करता येणं. हे एक वाक्य त्यांना उरलेलं आयुष्य पुरलं असतं.

त्या बदल्यात त्यांनी एवढंच करायचं होतं, की दिवसातून चार वेळा अर्धा अर्धा तास वहिनींच्या उशाशी उभं राहायचं.

“हात धुतले?” वहिनींनी विचारलं.

“धुतले.”

“कोपरापर्यंत?”

“आता काय खांद्यापर्यंत धुऊ? सहा दिवसांत साबणानं माझ्या हातावरच्या रेघा गेल्या, वहिनी. उद्या कुणी भविष्य बघायला हात मागितला तर काय दाखवू?”

“माझा दाखवा. माझं सगळं लिहून झालंय.”

वन्संनी दोन लिटरची पिशवी कोट अडकवायच्या खुंटीला लावली. वहिनींच्या दोन्ही मूत्रपिंडांनी दोन वर्षांपूर्वी काम सोडलं होतं. नोटीस नाही, राजीनामा नाही. तेव्हापासून त्यांचं काम या पिशव्या करत. पोटात बसवलेल्या बारीक नळीतून आधीचं पाणी बाहेर यायचं, पिशवीतलं ताजं आत जायचं आणि पुढचे काही तास रक्तातला कचरा गोळा करत बसायचं. रोज चार पिशव्या. चौदा दिवसांच्या छप्पन्न, वर चार जादा, अशी बारा खोकी जहाजावर चढवली होती. नळी हलू नये म्हणून कमरेला बांधायचा पट्टा वन्संनीच शिवला होता. आतून मऊ सुती, बाहेरून फुलाफुलांचा.

“डॉक्टर सोडून हा बघणार कोण?” असं वहिनींनी तेव्हा विचारलं होतं.

“बघू दे की डॉक्टरला. टाके कसे घालतात, शिकेल.”

वहिनींना त्यांच्या भागात सगळे काटेवाल्या बाई म्हणत. मोठ्या रस्त्याला लागून ट्रक तोलायचा काटा होता आणि त्याच्या कडेला आठ फूट बाय सहा फुटांची काचेची केबिन. त्या केबिनमध्ये बाईंनी एकतीस वर्षं काढली. रिकामा ट्रक आला, की त्याचं वजन. भरून आला, की पुन्हा वजन. दोन्हींतला फरक म्हणजे माल. मागच्या चाकाखाली दगड सरकवणारे, रिकाम्या वजनाच्या वेळी पाण्याची टाकी काठोकाठ भरून आणणारे आणि भरल्या वजनाच्या वेळी ती ओतून येणारे, असे नाना तऱ्हेचे ड्रायव्हर त्यांनी बघितले. बाई फक्त काचेवर पेन्सिल वाजवत. तेवढ्यानं ड्रायव्हर उतरून दगड काढत.

बाईंचे नियम दोनच. काटा स्थिर झाल्याशिवाय आकडा लिहायचा नाही. आणि एकदा लिहिलेला आकडा खोडायचा नाही. ज्याला तो पटत नसेल त्यानं फेरवजन मागावं. तो त्याचा हक्क.

तिथून ट्रक सरळ बंदरावर जात. चिठ्ठीवर माल कुठे निघालाय त्या बंदराचं नाव लिहावं लागे. एका बंदराचं नाव बाईंनी इतक्या वेळा लिहिलं, की पुढं पुढं सही करताना तेच नाव उमटेल की काय अशी त्यांना भीती वाटे. त्यांनी तोललेलं सिमेंट, कापूस, यंत्रं, टाईल्स, सगळं समुद्रापलीकडे पोचलं. बाई तेवढ्या केबिनमध्ये राहिल्या. मूत्रपिंडं गेली तेव्हा त्या एक दिवस रडल्या, दुसऱ्या दिवशी नकाशा काढून बसल्या. सफरीच्या दहाव्या दिवशी त्या बंदराला लागणारं जहाज त्यांनी शेवटी शोधून काढलं. नवरा लिफ्टमध्येसुद्धा भिंत धरून उभा राहणारा. त्यानं धाकट्या बहिणीला पुढं केलं आणि स्वतः फोनवर राहिला.

वन्संचा स्वभाव उलटा. चाळीस वर्षं त्यांनी साऱ्या भागाच्या कंबरा मोजल्या. कुणाची किती वाढली, कधी वाढली, सगळं त्यांच्या वहीत होतं. मात्र त्यांचं स्वतःचं वजन हे त्या घरातलं सर्वांत जपलेलं गुपित. सख्ख्या भावाला माहीत नव्हतं. जहाजाच्या फॉर्मवर ‘वजन’ या रकान्यात त्यांनी ‘बेताचं’ असं लिहिलं होतं.

जहाजवाल्यांनी वहिनींना एका अटीवर घेतलं. रोज सकाळी पहिली पिशवी पोटात गेली, की वजन करायचं आणि वहीत लिहायचं. अंगात पाणी साठू लागलं तर ते वजनावरून कळतं. छप्पन्न किलोंच्या वर लागोपाठ दोन दिवस गेलं, तर पुढच्या बंदरावर उतरून दवाखाना गाठायचा. वहिनींनी अट दोनदा वाचली आणि सही केली. वाकून आकडा बघणं त्यांना जमत नसे, म्हणून आकडा वाचायचा आणि लिहायचा तो वन्संनी.

पहिले चार दिवस चोपन्नच्या आसपास गेले. वहिनींनी अळणी सूप हसत प्यायलं, डेकवर खुर्ची टाकून बसल्या, समोरून मालवाहू जहाज गेलं की त्यावरचे कंटेनर मोजले. एका संध्याकाळी बॅण्ड वाजू लागला, तर पट्ट्यावर हात धरून त्या दोन गाणी नाचल्याही. वन्संच दमून बसल्या.

पाचव्या दिवशी समुद्र उसळला. सहाव्या दिवशीही.

पिशवी आत गेली. सहाव्या दिवसाची पहिली. वहिनी काट्यावर चढल्या. वन्संनी वहीत लिहिलं. वहिनींनी सहज वही हातात घेतली आणि चष्मा वर केला.

“वन्सं, हे काय? काल छप्पन्न पॉइंट दोन, आज छप्पन्न पॉइंट नऊ?”

“तो थांबेना हो एका जागी! त्रेपन्न काय, पंचावन्न काय, सत्तावन्न काय. नुसता नाचत होता.”

“मग त्यातला हा कसा निवडलात?”

“मोठा धरला.”

“का?”

“का म्हणजे? कापड कापताना नेहमी जास्तच धरायचं असतं. शिलाईत घेता येतं. कमी पडलं की संपलं!”

वहिनींनी चष्मा खाली केला. मग म्हणाल्या, “मी ब्लाउज नाही, वन्सं.”

आपण काय करून बसलो हे वन्संच्या आता डोक्यात शिरलं. त्यांनी वही ओढली. “पान फाडते. नवीन पानावर नीट लिहिते, चोपन्न, चोपन्न. कुणाला कळतंय!”

“हात लावू नका.”

“अहो पण चुकीचंच आहे ना ते!”

“चुकीचं आहे. पण लिहिलंय. एकतीस वर्षांत मी एक आकडा खोडलेला नाही, आणि तो खोडायला लावणारे ट्रकवाले तुमच्यापेक्षा दांडगे होते.”

दुपारी जहाजाचा डॉक्टर नेहमीची वही बघायला आला. शांत, नीटनेटका माणूस. शर्टाच्या खिशात तीन पेनं, तिन्हींना टोपणं. दोन्ही आकडे बघून तो गंभीर झाला. वहिनींना आपल्या दवाखान्यात नेऊन त्यानं पाय दाबून बघितले, छाती ऐकली, रक्तदाब घेतला. सगळं ठीक. मग स्वतःच्या काट्यावर उभं केलं. काटा थोडा डगमगला, टिंग वाजला आणि छप्पन्न पॉइंट चारवर थिजला.

“आजी, उद्या सकाळी बंदर आहे. तुम्हाला उतरावं लागेल.”

“मी कुणाची आजी नाही. बाई म्हणा,” वहिनी म्हणाल्या. “पायाला सूज आहे का?”

“नाही.”

“छातीत पाणी?”

“नाही. पण आकडा—”

“आकडा लाटेवर घेतलाय. जहाज वर उचललं जातं तेव्हा माणूस जड होतो, खाली जातं तेव्हा हलका. तुमचा काटा मधेच कुठं तरी टिंग करतो. उड्या मारणाऱ्या ट्रकचं वजन मी कधी घेतलं नाही.”

“हा डिजिटल आहे, बाई.”

“म्हणून तर. जुना असता तर निदान हलताना दिसला असता. हा खोटंसुद्धा ठामपणे बोलतो.”

डॉक्टरला हसू आलं, पण त्यानं ते दाबलं. “कागदावर सही तुमचीच आहे.”

“सही माझी, अट मान्य. उद्या बंदरात जहाज उभं राहिलं की तोला ना.”

“तसं चालत नाही. बंदरावर दवाखान्याची गाडी हवी असेल तर आज पाचच्या आत कळवावं लागतं, आणि कळवलं की तुमचं नाव प्रवाशांच्या यादीतून जातं. बाई, मी वाईट माणूस नाही. पण दोन आकडे तुमच्या वहीतले आहेत, तिसरा माझा. याच्यावर मी काय सांगू?”

वन्संच्या डोळ्यांत पाणी आलं. “माझ्यामुळे झालं हो हे सगळं. तो मोठा आकडा मीच—”

“वन्सं, गप्प. ज्याचा माल त्या पार्टीनं काट्यावर रडायचं नसतं.” वहिनी उठून उभ्या राहिल्या. “डॉक्टर, मी फेरवजन मागते.”

“म्हणजे?”

“पटत नसेल तर दुसऱ्यांदा तोलून घ्यायचा हक्क असतो. तुमच्यासमोर, ठरलेल्या वजनांनी. पाच वाजायला अजून पावणेदोन तास आहेत.”

“पण काटा कुठला? दोन्ही काटे लाटेवरच.”

“वर मुलांच्या डेकवर आहे. काल बघून ठेवलाय.”

तो सीसॉ होता. लांब, पिवळी फळी, मधे लोखंडी दांडा. डॉक्टर त्याच्याकडे आणि मग वहिनींकडे बघत राहिला.

“दोन पारड्यांच्या तराजूला लाट कळत नाही,” वहिनींनी समजावलं. “जहाज वर गेलं की दोन्ही पारडी सारखीच जड. खाली गेलं की सारखीच हलकी. एका बाजूला धडा ठेवायचा, म्हणजे तोलून धरणारं ओझं. दुसऱ्या बाजूला मी. फळी सरळ झाली की मी उतरायचं आणि माझ्या जागी पिशव्या रचायच्या, फळी पुन्हा सरळ होईपर्यंत. जितक्या पिशव्या, तितकी मी. एकेक पिशवी दोन किलो शंभर ग्रॅम.”

“छापलंय तसं?”

“छापलेल्यावर मी विश्वास ठेवला असता तर एकतीस वर्षं टिकले नसते. घरी दहा तोलून बघितल्यात.”

जहाजाचा सुतार तेलाचा डबा घेऊन आला. हा किलोंनी नव्हे, पोत्यांनी मोजावा असा माणूस. वहिनींनी त्याच्याकडून मधल्या दांड्याला तेल घालून घेतलं, रिकामी फळी सरळ राहते का ते तीनदा बघितलं. एका टोकाला फळीखाली पातळ लाकडाचा तुकडा ठोकून घेतला, तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. तोवर वन्संनी खालून एक चादर आणि सुईदोरा आणून पिशव्यांसाठी झोळी शिवली. खुर्चीच्या मापाची, घट्ट, एकही टाका वाकडा नाही.

“आता धडा,” वहिनी म्हणाल्या.

सुतार उत्साहानं पुढं झाला.

“तुम्ही नको. तुमच्या बरोबरीला यायचं तर आमच्याकडे पिशव्याच पुरायच्या नाहीत. डॉक्टरही नको, ते तपासणारे. तपासणाऱ्यानं पारड्यात बसायचं नसतं.”

सगळ्यांच्या नजरा वन्संकडे वळल्या. वन्संना हळूहळू समजलं. वहिनींच्या मांडीवर जितक्या जादा पिशव्या लागतील, तितक्या वन्सं वहिनींहून भारी. आणि वहिनींचा आकडा तर निघणारच होता. उरलेलं गणित दुसरीतल्या मुलालाही आलं असतं.

“वहिनी,” त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, “यात माझं पण निघणार.”

“निघणार.”

“सगळ्यांसमोर.”

“हो. नको असेल तर नका बसू. उद्या मी उतरते. तुम्ही पुढं जा, बाल्कनी फुकट घालवू नका.”

हे शेवटचं वाक्य वहिनींनी मनापासून म्हटलं की पेन्सिल वाजवल्यासारखं, हे सांगता येत नाही. वन्संनी पदर खोचला, चपला काढल्या, गळ्यातलं काढून डॉक्टरच्या हातात दिलं, कानातलं दिलं, हातातलं घड्याळ दिलं. केसातल्या पिनासुद्धा काढल्या.

“पिना कशाला?” डॉक्टरनं विचारलं.

“तुम्ही धरा हो,” वन्सं म्हणाल्या आणि फळीवर बसल्या. फळी धाडकन खाली गेली.

सुतारानं उचलून वहिनींना दुसऱ्या टोकाला, झोळीवरच बसवलं. त्या हवेत, पाय लोंबकळताहेत. डॉक्टर एकेक पिशवी त्यांच्या मांडीवर देऊ लागला. आजूबाजूच्या खुर्च्यांवरची माणसं पुस्तकं मिटून जवळ आली. चौथ्या पिशवीला ती मोठ्यानं मोजू लागली. पाच! सहा! वन्संनी डोळे मिटून घेतले. सात! फळी हलली. आठ! वहिनी सावकाश खाली आल्या, वन्सं सावकाश वर गेल्या आणि फळी सरळ झाली. जहाज उचललं गेलं, खाली बसलं. फळी सरळच.

डॉक्टरनं घाईनं हिशेब केला. “आठ गुणिले दोन पॉइंट एक, म्हणजे यांचं वजन बाईंपेक्षा—”

“डॉक्टर!” वहिनी कडाडल्या. “धड्याचं वजन कुणी विचारत नाही.”

वहिनींना उतरवलं. त्या आठ पिशव्या तिथेच राहिल्या, आणि वहिनींच्या जागी झोळीत नव्या पिशव्या पडू लागल्या. आता मोजणाऱ्यांचा आवाज चढला होता. वहिनी कठड्याला पाठ टेकून उभ्या होत्या, पट्ट्यावर हात ठेवून. सव्वीस पिशव्यांना फळी सरळ झाली, तर चोपन्न पॉइंट सहा. दहाव्या दिवसाचं बंदर त्यांचं. सत्तावीस लागल्या तर छप्पन्नच्या वर; उद्या सकाळी गाडी.

चोवीस. पंचवीस. सव्वीस.

फळी आली, आली आणि बोटभर वर थांबली.

डॉक्टरनं सत्ताविसावी पिशवी हातात घेतली, पण पुढं केली नाही. वन्सं पलीकडच्या टोकावरून किंचाळल्या, “वहिनी! तुमच्या चपला!”

“काय?”

“चपला घालून बसला होतात! मी काढल्या, तुम्ही नाही काढल्या! जाड तळव्याच्या आहेत त्या, मीच घेऊन दिल्यात!”

वहिनींनी खाली बघितलं. एकतीस वर्षं ड्रायव्हरांच्या पाण्याच्या टाक्या पकडणाऱ्या बाईंनी स्वतःच्या चपला सोडल्या होत्या. त्यांनी त्या काढल्या आणि अनवाणी पायांनी जाऊन झोळीत, पिशव्यांच्या वर ठेवल्या.

फळी सरळ झाली.

माणसांनी असा ओरडा केला, की वरच्या डेकवरची माणसं वाकून बघू लागली. डॉक्टरनं खात्रीसाठी सत्ताविसावी पिशवी ठेवून बघितली. झोळी दणकन खाली गेली, वन्सं हवेत गेल्या. त्यानं घड्याळ बघितलं. चार वाजून चाळीस मिनिटं. खिशातलं एक पेन काढून टोपण उघडलं आणि वहीत लिहिलं: फेरवजन, चोपन्न पॉइंट सहा. खाली सही.

“बाई,” तो म्हणाला, “मी कळवत नाही.”

“आभार. काट्याची फी नाही घेत मी,” वहिनी म्हणाल्या आणि जवळची खुर्ची ओढून बसल्या. वन्सं वरूनच ओरडत होत्या, “मला आधी उतरवा, मग काय त्या सह्या करा!”

त्या रात्री जेवताना शेजारच्या टेबलावरच्या एका बाईनं वन्संकडे बघून नवऱ्याच्या कानात काही सांगितलं. वन्संनी सरळ तिच्याकडे मान वळवली. “एकाहत्तर पॉइंट चार,” वहिनींच्या चपलांचे ग्रॅम वगळून त्या म्हणाल्या. “आणि तुमचं?” त्या बाईनं ताटात बघितलं. वन्संनी गोड दुसऱ्यांदा मागवलं.

वहिनींच्या नवऱ्याचा फोन आला. “वजन किती?” त्यानं रोजच्यासारखं विचारलं.

“कुणाचं?” वहिनी म्हणाल्या, आणि दोघी हसत सुटल्या.

दहाव्या दिवशी जहाज त्या बंदराला लागलं. इतर प्रवासी गावातल्या जुन्या गल्ल्या बघायला गेले. या दोघी उलट्या दिशेनं, धक्क्याधक्क्यानं गेल्या. क्रेन, साखळ्या, तेलाचा वास, रांगेत उभे ट्रक. वहिनींनी तिथल्या एका लोखंडी खुंटावर, ज्याला जहाजं बांधतात त्यावर, तळहात ठेवला. तो उन्हानं तापला होता. त्या तसाच ठेवून उभ्या राहिल्या.

“कसं वाटतंय?” वन्संनी विचारलं.

“अक्षर बरोबर लिहीत होते मी,” वहिनी म्हणाल्या. भिंतीवर बंदराचं नाव रंगवलेलं होतं.

पुढं फाटकाशी ट्रकचा काटा होता आणि कडेला काचेची केबिन. आत एक कारकून, पुढ्यात चिठ्ठ्यांचा गठ्ठा, कानावर पेन्सिल. वहिनींनी काचेवर टकटक केलं, काट्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे, मग वन्संकडे. कारकुनानं हातानं ‘जा, जा’ केलं. वहिनींनी पुन्हा बोटानं काच वाजवली, त्यांच्या जुन्या पद्धतीनं. तो एकदम सरळ बसला. कोणत्याही देशातल्या काटेवाल्याला तो आवाज कळतो.

दोघी काट्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. या खेपेला वहिनींनी चपला आधी काढल्या. जमीन हलत नव्हती. काटा स्थिर झाला, यंत्र कुरकुरलं, चिठ्ठी निघाली.

“एकशे वीस!” वन्संनी वाचलं. “अहो, पण माझे एकाहत्तर पॉइंट चार, तुमचे चोपन्न पॉइंट सहा. एकशे सव्वीस व्हायला हवेत!”

“ट्रकचा काटा आहे. वीस वीस किलोंनी मोजतो. मधले सुटे सोडून देतो.”

“म्हणजे सहा किलो कमी?”

“कागदावर.”

“लिहिलेलं खोडायचं नाही ना?”

“नाही.”

“मग सहाच्या सहा माझे,” वन्सं म्हणाल्या. “तुमच्यात कमी करायला आहे काय?”

वहिनींनी घड्याळ बघितलं. तिसऱ्या पिशवीची वेळ होत आली होती. वन्संनी आपल्या पिशवीतून साबण काढला आणि कुठं नळ दिसतो का ते शोधू लागल्या.

ती चिठ्ठी आता वहीत, सहाव्या दिवसाच्या पानासमोर चिकटवलेली आहे. पानावर दोन चुकीचे आकडे जसेच्या तसे, खाली डॉक्टरची सही, आणि त्याखाली वन्संच्या हातचं, ठळक: ‘धडा, ७१.४’. एकूण जमाखर्च असा. समुद्र वहिनींना मिळाला, सगळाच्या सगळा, चौदा दिवस. वाक्य वन्संना मिळालं. किंमतही वन्संनीच मोजली, एका खेपेत, पिनासुद्धा काढून. त्यातले सहा किलो बंदरानं परत केले.